निळ्या घोसाचा कांदा

एका उंच पठारावर आडमाळ नावाचे गाव होते. तिथे कांद्याशिवाय दुसरे काही पिकत नसे आणि कांद्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दल कोणी फारसे बोलतही नसे. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले, तरी आधी त्या घरच्या साठवणीच्या चाळीतला कांदा हातात घेऊन दाबून पाहत. थंडीत पहाटे गवतावर दहिवर गोठत असे. कांद्याला ती थंडी मानवत असे.

पाणी मात्र नव्हते. बायका घाट उतरून पाणी आणत आणि घाट चढून परत येत. डोंगरापलीकडच्या ओढ्यातून एक पाट काढून द्या, म्हणून गाव नऊ वर्षे राजाकडे अर्ज करत होते. दर वर्षी एक अर्ज जाई. दर वर्षी उत्तर येई की अर्ज पोचला.

गावचा पाटील हैबतराव. तो नुसता पाटील नव्हता, कांद्याचा जाणता होता. लागवडीआधी प्रत्येक घरातली रोपांची एक जुडी त्याच्यापुढे येई. तो एक रोप मोडी, हुंगे, चावे आणि सांगे, "उद्या लावा," किंवा "चार दिवस थांबा." का, ते कोणी विचारत नसे. जाणत्याला 'का' विचारायचे नाही, ही तिथली रीत होती. आणि कांद्याबद्दल परगावच्या माणसाला काही विचारणे म्हणजे गावाचे नाक कापणे.

त्या राज्याची राणी उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातली होती. तिच्या माहेरी बर्फ वितळले की अंगणात एक चिमुकले फूल येई. बोटभर देठ आणि त्यावर निळ्या द्राक्षांचा एवढासा घोस. सासरी आल्यापासून तिने ते पाहिले नव्हते. त्या वर्षी दसऱ्यानंतर तिने माहेरून त्याचे शंभर कंद मागवले. शाली विकणारा बिशनदास ते घेऊन आला. सुपारीएवढे कंद, वर तपकिरी साल.

महालाच्या बागेत ते जगण्यासारखे नव्हते, कारण खाली उन्हाळा लवकर लागतो. राज्यात सगळ्यात जास्त थंडी कुठे पडते, असे राजाने विचारले. दरबारी म्हणाले, "आडमाळला." राजाने कंदांची पिशवी हैबतरावाकडे पाठवली आणि निरोप दिला, "फाल्गुनातल्या पौर्णिमेला राणीच्या हातात फूल द्या. तुमचा पाट तुम्हाला मिळेल. फूल नाही दिलंत, तर पाट शेजारच्या गावाला."

पाट का हवा, ते राजाला नऊ वर्षांत समजले नव्हते. फूल का हवे, ते एका सकाळीत समजले.

सगळे आडमाळ हैबतरावाच्या शेतावर जमले. बिशनदासही आला होता. थंडीभर तो गावाच्या धर्मशाळेतच राहणार होता. थंडीत शाली खपतात.

तो म्हणाला, "पाटीलजी, चार बोटं खोल लावा. टोक वर. पाणी बेतानं. आणि पुढे जेव्हा याला–"

हैबतरावाने हात वर केला. "शेटजी, हा कांदाच ना?"

"दिसायला कांदा आहे. पण–"

"मग झालं. तुम्ही शाली विका. मी तुम्हाला कधी लोकरीतलं काही सांगायला आलो का?"

लोक हसले. बिशनदासही हसला, पण जरा उशिरा.

हैबतरावाने एक कंद उचलून चावला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. "कडू आहे," तो म्हणाला, "थंड मुलखातला आहे म्हणून." माना डोलल्या. मग त्याने तयार वाफ्यात कांदा लावतात तसे ते कंद लावले, उथळ, खांदे उघडे ठेवून.

हैबतरावाची थोरली भावजय द्वारका तिथेच उभी होती. नवरा वारल्यापासून अर्धी शेती तीच पाहत होती. वयाने मोठी असल्यामुळे दिराशी बोलायला ती मोकळी होती. चावलेला कंद तिने घरी नेला आणि विळीवर उभा चिरला.

"भाऊजी, आत निळं कुठंच नाही. पांढराच आहे. मग निळं येतं कुठून?"

"येतं."

"कुठून पण?"

"वहिनी, येतं म्हणजे येतं."

"तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्या शालवाल्याला विचारू का?"

हैबतरावाने भाकरी ताटात ठेवली. "उद्या बाजारात लोक काय म्हणतील? आडमाळच्या पाटलाला कांदा कसा लावायचा ते शालवाल्यानं शिकवलं. पाट मिळायच्या आधी गावाचं नाक जाईल."

पाट मिळणार होता, म्हणून द्वारका गप्प बसली. पाणी आणायला घाट तीही उतरत होती.

तीन आठवड्यांत पात वर आली. गवतासारखी बारीक, गडद हिरवी. त्या दिवसापासून वाफ्याशी कायम कोणी ना कोणी उभे असे. पाण्याला निघालेल्या बायका रिकाम्या घागरी काखेत धरून थांबत. घोस खाली लोंबेल की वर उभा राहील, यावर दोन भाऊ भांडले आणि आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. भिकोबा नावाचे एक वयस्कर पंच होते. त्यांना वेगळीच काळजी होती. "घोस आला, तर तो खायचा असतो का? राणी फूल म्हणते, पण द्राक्ष म्हटलं की खायचंच असणार."

संध्याकाळी बिशनदास तिकडून जाई. लोक त्याला काय काय विचारत! बर्फ पायाला भाजतो म्हणतात, खरं का? मेंढी लोकर काढताना ओरडते का? घरची आठवण येत नाही का शेटजी, बायको रागावत नाही का? तो सगळ्यांची उत्तरे देई. मग वाफ्याकडे पाहत क्षणभर थांबे. कोणीतरी आता ते विचारील, असे त्याला वाटे. कोणी विचारत नसे. तो पुढे जाई. परक्या गावात एकदा गप्प केलेला माणूस दुसऱ्यांदा न विचारता तोंड उघडत नाही.

माघ सरत आला. बिशनदास आठ दिवसांसाठी खालच्या गावांच्या बाजाराला गेला. तो गेला आणि सहाव्या दिवशी वाफ्यात पातीच्या मधोमध हिरव्या गाठी दिसू लागल्या. आखूड देठ आणि त्याच्या टोकाला घट्ट मिटलेली, कणसासारखी खवल्याखवल्यांची गाठ.

हैबतरावाने पाहिले आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "डेंगळे आले."

कांद्याला मधूनच फुलाचा दांडा येतो, त्याला डेंगळा म्हणतात. डेंगळा आला की कांदा पोकळ होतो, बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून आडमाळमध्ये चालायला लागलेले पोरसुद्धा डेंगळा दिसला की खुडते. विचार करावा लागत नाही, बोटेच खुडतात.

"आत्ताच खुडले पाहिजेत," हैबतराव म्हणाला. "हे वाढले तर पांढरे फुलणार. राणीला निळं हवंय. सगळी ताकद यांच्यात गेली, तर निळं यायचं कशातून?"

द्वारका वाफ्याशी वाकली. "भाऊजी, कांद्याचा डेंगळा लांब असतो, पोकळ असतो. हा बघा, भरीव आहे. एक तरी ठेवा. काय होतंय ते बघू."

"एक ठेवला की दहा येतात. आजपर्यंत मी एक तरी डेंगळा ठेवलाय का?"

"नाही. म्हणूनच म्हणते. ठेवला तर काय होतं, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?"

हैबतराव वाफ्यात उतरला आणि खुडत गेला. दुसऱ्या दिवशी उरलेले खुडले. तिसऱ्या दिवशी मागाहून आलेले खुडले. कामात त्याच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. वाफ्यात एकही गाठ राहिली नाही.

द्वारकाने ओच्यात मूठभर गाठी घरी आणल्या. त्यातली एक उन्हात धरून तिने बाभळीच्या काट्याने खवले उलगडायला सुरुवात केली. ते खवले नव्हतेच. ती एकमेकांना चिकटलेली इवलीशी मडकी होती, तोंड मिटलेली. वरची हिरवी होती. खालची जराशी मोठी होती. सगळ्यात खालचे मडके तिने नखाने फोडले, तर आतून निळी कडा दिसली. इतकी बारीक की आधी तिला काट्याची सावलीच वाटली. तिने दुसरे फोडले. तिसरे फोडले. मग ती उठली.

बिशनदास त्याच दिवशी परत आला होता. पाठीवरचे गाठोडेही त्याने उतरवले नव्हते. द्वारकाने त्याच्यापुढे मूठ उघडली.

"शेटजी, हे काय आहे?"

बिशनदास धर्मशाळेच्या पायरीवर बसला. एक गाठ त्याने बोटांत फिरवून पाहिली. "सगळी खुडली?"

"सगळी."

"बाई, हेच फूल. आठ दिवसांत निळं झालं असतं."

"आता पुन्हा येईल?"

"या वर्षी नाही."

द्वारकाने घरी येऊन दिराला सांगितले. तिने आवाज चढवला नाही. हैबतरावाने ती गाठ घेतली, उजेडात धरली, निळी कडा पाहिली आणि उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायका घाट चढून येताना घागरी हिंदकळतात, तो आवाज वाड्यावस्तीवर सगळीकडे ऐकू येतो. त्या दिवशी त्याला तो फार मोठा वाटला.

पंच जमले. भिकोबांनी वाट काढली. "पाटील, सोपं आहे. कांदेच नासके होते म्हणायचं. शालवाल्यानं वाटेत बदलले असतील. राजाचा राग त्याच्यावर जाईल, आपण आणखी एक वर्ष मागून घेऊ. पाटही वाचला, नाकही वाचलं."

"आणि त्याचं काय आबा?" हैबतरावाने विचारले.

"त्याचं काय! परका माणूस. आज इथं, उद्या तिथं."

हैबतराव हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

पौर्णिमेला हैबतराव, भिकोबा आणि द्वारका महालात गेले. द्वारकाने खुडलेल्या गाठींपैकी काही पाण्यात ठेवून जगवल्या होत्या. त्या तिने पानाच्या द्रोणात बरोबर घेतल्या. उत्तरेकडे निघण्याआधी राणीचा निरोप घ्यायला बिशनदासही तिथे आला होता.

राजाने विचारले, "फूल?"

हैबतरावाच्या आधी भिकोबा बोलले. "महाराज, आम्ही जिवापाड राखले. पण कांदेच खराब होते. बाहेरून आलेला माल, वाटेत काय झालं कोणास ठाऊक."

राजा बिशनदासाकडे वळला. "माल बदललास?"

"नाही महाराज."

"मग फूल का आलं नाही?"

बिशनदासाने हैबतरावाकडे पाहिले आणि मान खाली घातली. परक्या मुलखात खरे बोलायलाही साक्षीदार लागतो. त्याच्याकडे तो नव्हता. ज्यांना खरे ठाऊक होते, ते तिघेही समोरच्या बाजूला उभे होते.

"याची गाठोडी जप्त करा," राजा म्हणाला. "आणि याला कोठडीत घाला."

शिपाई पुढे आले. हैबतरावाला एवढेच करायचे होते की काही करायचे नाही. तो गप्प राहिला असता, तर गावाला कदाचित आणखी एक वर्ष मिळाले असते. शिपायाने बिशनदासाच्या खांद्यावरची शाल ओढली.

"थांबा," हैबतराव म्हणाला. "महाराज, कांदे चांगले होते. यानं काही बदललं नाही. फुलं आली होती. मी माझ्या हातानं खुडली."

भिकोबांनी मागून त्याचे उपरणे ओढले. त्याने ते सोडवून घेतले.

"खुडली?" राजा पुढे झुकला. "का?"

"मला वाटलं डेंगळे आहेत." आणि डेंगळा म्हणजे काय, ते त्याने भर दरबारात समजावून सांगितले.

"हा माणूस किती दिवस तुमच्या गावात होता?"

"चार महिने."

"त्याला विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

हैबतरावाला त्याच्या गावात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. "कारण मग म्हणावं लागलं असतं, की मला माहीत नाही. ते मला कधी म्हणता आलं नाही, महाराज. आज म्हणतोय. मला माहीत नव्हतं."

दरबारात हसू फुटले. सगळ्यात मोठ्याने राजा हसला. "वा, पाटील! माणूस चार महिने वेशीत बसलेला, आणि तुम्ही त्याच्याकडून नुसत्या शाली घेत राहिलात!"

द्वारका दोन पावले पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला.

"हसा महाराज, हसण्यासारखंच आहे. आम्ही एका माणसाला चार महिने विचारलं नाही. आपण एका गावाला नऊ वर्षं विचारलं नाही."

हसू थांबले. एक दरबारी ओरडला, "ए बाई, कोणाशी बोलतेस कळतंय का?"

"कळतंय. पाट ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याशीच बोलतेय. तुमच्या हातात असता, तर तुमच्याशी बोलले असते."

तिने द्रोण राणीपुढे धरला. पाण्यात ठेवलेल्या एका गाठीची खालची चार-पाच मडकी उमलली होती. फिकी होती, पण निळी होती. राणीने ती तळहातावर घेतली. पण ती बोलली ते फुलाबद्दल नव्हते.

"तुम्ही पाणी कुठून आणता?"

"घाटाखालून, राणीसाहेब. सकाळी दोन खेपा, दुपारी एक. वैशाखात रात्र पडेपर्यंत. दोन वर्षांमागं एक पोटुशी बाई घागरीसकट घसरली. ती वाचली. मूल नाही वाचलं."

राजा चिडून म्हणाला, "हे अर्जात का लिहिलं नाही?"

"लिहिलं होतं. नऊच्या नऊ अर्जांत."

राजाने अर्ज आणायला सांगितले. ते सापडायला संध्याकाळ झाली. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

बिशनदासाची शाल त्याला परत मिळाली. राजा त्याच आठवड्यात घाट चढून आडमाळला आला. निम्म्या वाटेत त्याला घोड्यावरून उतरावे लागले, कारण पुढे वाट एका माणसापुरतीच रुंद होती. शेजारच्या गावातही तो गेला. तिथे तीन भरलेल्या विहिरी होत्या आणि तिथल्या लोकांनी पाट कधी मागितलाच नव्हता. आडमाळचा पाट मंजूर झाला. तो यायला पुढे दोन वर्षे लागली, राजाचे काम म्हटल्यावर तेवढी लागतातच. निळी फुले त्याच्या आधी, पुढच्याच वर्षी आली. राणी ती पाहायला पायी घाट चढली, आणि वर पोचल्यावर तिने आधी पाणी मागितले.

पण ती फुले आली, त्याचे कारण त्या फाल्गुनातच घडले. बिशनदास आडमाळच्या धर्मशाळेतले सामान आवरून उत्तरेकडे निघाला होता. हैबतराव धर्मशाळेत गेला आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसला.

"शेटजी, आठ दिवस राहाल का? मला विचारायचंय."

बिशनदास राहिला. हैबतराव सकाळपासून विचारत बसे. गावही भोवती बसे.

"पात पिवळी पडायला लागली. कापू?"

"कापायची नाही. वाळू द्या. त्या पातीतूनच कांदा पुढच्या वर्षाचं फूल साठवतो."

"माना पडल्यात. कांद्याच्या माना पडल्या की आम्ही काढणी करतो."

"याची मान पडते ती नुसती आळसानं पडते. पात पूर्ण वाळली की काढा आणि पावसाळाभर कोरड्यात ठेवा. तेव्हा तो झोपतो."

मग एक कंद पाहायचा म्हणून हैबतरावाने खुरप्याने माती उकरली. दोन बोटांवर कंद नव्हता. तीन बोटांवरही नव्हता. तो सापडला चार बोटे खाली, टोक वर करून नीट बसलेला.

हैबतराव चकित झाला. "मी तर उथळ लावला होता. खांदे बाहेर होते याचे. हा खाली गेला कसा? कोणी ढकलला?"

सगळ्यांनी बिशनदासाकडे पाहिले. त्याने कंद हातात घेतला, खालची जाड मुळे बोटाने चाचपून पाहिली आणि परत दिला.

"हे मला माहीत नाही, पाटीलजी."

हैबतराव त्याच्याकडे पाहतच राहिला. इतक्या सहज? बिशनदासाच्या चेहऱ्यावर काहीच झाले नव्हते. नाक होते तिथेच होते.

"मलाही नाही," हैबतराव म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते म्हणताना मजा वाटली. "वहिनी, जरा खुरपं द्या. दुसरा उकरून बघू."

द्वारका खुरपे घेऊन आधीच वाफ्यात बसली होती.

तात्पर्य: 'मला माहीत नाही' म्हणायची ज्याला लाज वाटते, तो उमलू पाहणारे फूलही डेंगळा समजून खुडतो, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे तो विचारायचे सोडतो, तेव्हा त्याच्या अज्ञानाची घागर दुसऱ्यांनाच वाहावी लागते.